अडथळा हलत नाही

धावण्याच्या शर्यतीतले अडथळे दोन जातींचे असतात. ११० किंवा ४०० मीटरच्या हर्डल्स शर्यतीत जो अडथळा असतो, त्याला पाय लागला की तो पुढे आडवा होतो. धावपटूचा तोल जातो, वेळ वाया जातो, पण वाट मोकळी होते. स्टीपलचेसचा अडथळा तसा नसतो. तो भलामोठा, जड आणि जागेवर घट्ट बसवलेला. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण कमरेपर्यंत. वरची चौकोनी तुळई जेमतेम पाच इंच रुंद. एकेका अडथळ्याचं वजन ऐंशी ते शंभर किलो. त्याला गुडघा लागला तर फुटतो तो गुडघा.

तीन हजार मीटरच्या या शर्यतीत असे अडथळे २८ वेळा ओलांडायचे. शिवाय ७ वेळा पाण्याची उडी. तिथे अडथळ्याच्या पलीकडे ३.६६ मीटर लांबीचा पाण्याचा खड्डा असतो. अडथळ्याजवळ तो खोल आणि पुढे उथळ होत जातो. बहुतेक पुरुष धावपटू तुळईवर एक पाय टेकवतात, त्या पायाने स्वतःला पुढे ढकलतात आणि दुसऱ्या पायावर उथळ पाण्यात उतरून तसेच पळत सुटतात. पाय टेकवायची जागा चार बोटं चुकली तर माणूस पाण्यात. त्यात बारा-पंधरा जण एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावत असतात. पुढच्याच्या पाठीमुळे अडथळा नीट दिसतसुद्धा नाही. शर्यतीच्या शेवटी पाय जड झाले, छाती भात्यासारखी हलायला लागली, तरी अडथळ्याची उंची तेवढीच राहते.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे ही शर्यत धावतो. हा लेख त्याच्याविषयी आहे, पण त्याच्या पदकांविषयी नाही. पदकांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मला त्याच्या हरलेल्या, अडखळलेल्या शर्यती जास्त मोलाच्या वाटतात. त्या एकापुढे एक ठेवून पाहिल्या की माणूस पडल्यानंतर नेमकं काय करतो, हे त्यांत फार स्पष्ट दिसतं.

अविनाशचा जन्म १९९४चा. आईवडील शेतीवर आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर लांब आणि गावातून गाडी नाही, म्हणून पोरगा चालत, पळत शाळेला जायचा. ही गोष्ट त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात असते आणि ती खरीही आहे. पण ती ज्या सुरात सांगितली जाते तो सूर मला मान्य नाही. गरिबीने त्याला घडवलं, असा त्या सांगण्याचा रोख असतो. त्या भागातली हजारो मुलं शाळेला पायी जात होती, आजही जातात. दर वर्षी दिवाळीनंतर त्यांच्यापैकी कितीतरी जण आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि त्यांची शाळाच सुटते. गरिबी कुणाची प्रशिक्षक नसते. ती बहुतेकांचं बळ खाऊनच टाकते. अविनाशच्या बाबतीत वेगळं घडलं ते पुढे, सैन्यात.

बारावीनंतर घराला हातभार लावायचा म्हणून तो भरती झाला. ५ महार ही त्याची पलटण. २०१३-१४ साली नेमणूक सियाचीनला, त्यानंतर राजस्थानचं वाळवंट, २०१५ला सिक्कीम. तोवर तो खेळाडू नव्हता, साधा जवान होता. सैन्याच्या अंतर्गत क्रॉसकंट्री स्पर्धांत तो धावायला लागला आणि सेनादलाच्या संघात आला. मग दुखापत झाली, वजन वाढलं. ते उतरवून तो पुन्हा उभा राहिला. २०१७मध्ये सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. या शर्यतीतले केनिया-इथिओपियाचे धावपटू त्या वयात जागतिक पदकं घेऊन मोकळे झालेले असतात.

त्याच वर्षी चेन्नईच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ३९.२८ सेकंद अशी वेळ दिली. राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता. ८:३०.८८ ही त्यांची वेळ १९८१ सालची. पुढच्या वर्षी घोट्याच्या दुखापतीने अविनाशची २०१८ची आशियाई स्पर्धा हुकली. जकार्तात स्पर्धा झाली तेव्हा तो संघात नव्हता. त्यानंतर महिनाभरातच भुवनेश्वरला तो ८:२९.८० धावला आणि सदतीस वर्षं उभा असलेला विक्रम मोडला.

इथे मला थोडं थांबायचं आहे. एवढी वर्षं एक विक्रम टिकतो, याचा अर्थ त्या काळात देशात चांगले धावपटू नव्हते असा होत नाही. ८:३० ही वेळ आपल्याकडे सगळ्यांच्या मनात एक शेवटची ओळ होऊन बसली होती. तिच्या जवळ गेलं की राष्ट्रीय सुवर्णपदक मिळायचं, खात्यात बढती मिळायची, आणि तेवढ्यावर भागायचं. अविनाशने ती ओळ ओलांडली आणि तो तिथे थांबला नाही. २०१९च्या मार्चमध्ये ८:२८.९४. मग दोहा.

दोह्याची जागतिक स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९मध्ये झाली. प्राथमिक फेरीत इथिओपियाचा ताकेले निगाते त्याच्या पुढ्यात अडखळून पडला आणि अविनाशची वाट अडली. या शर्यतीत लय तुटणं म्हणजे नुसते दोन सेकंद जाणं नव्हे. पुढच्या अडथळ्यापर्यंत पावलांचं गणित पुन्हा जुळवावं लागतं, सुटलेल्या घोळक्याला गाठायला जास्तीचा दम खर्च करावा लागतो. तो सातवा आला आणि बाहेर पडला. भारतीय संघाने तक्रार केली. चित्रफीत पाहिली गेली, त्याला अडथळा झाल्याचं मान्य झालं आणि त्याला अंतिम फेरीत जादा धावपटू म्हणून घेतलं गेलं. एवढं होऊनही प्राथमिक फेरीतली त्याची वेळ होती ८:२५.२३, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम! वाट अडलेली असताना केलेला. तीन दिवसांनी अंतिम शर्यतीत तो तेरावा आला, पण वेळ होती ८:२१.३७. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी ८:२२ हवे होते. १९५२च्या गुलझारा सिंग मान यांच्यानंतर ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये प्रथमच भारतीय पुरुष धावणार होता.

या प्रसंगात धावपटूच्या हिमतीइतकंच मोल मला त्या तक्रारीचं वाटतं. आपल्याकडे सोसण्याला फार मान आहे. अन्याय गिळून पुढे जाणाऱ्याला आपण धीराचा म्हणतो. पण नियमाने मिळणारी दाद मागणं हाही धीराचाच भाग आहे. त्यासाठी नियम माहीत असलेली, वेळेत अर्ज देणारी माणसं मागे उभी असावी लागतात. दोह्यात ती होती.

टोकियोच्या आधीचा काळ मात्र सगळ्या बाजूंनी कोसळत गेला. महासाथीने ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं. त्या मधल्या काळात, नोव्हेंबर २०२०मध्ये, अविनाश दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये १ तास ३० सेकंद धावला. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. मार्च २०२१मध्ये त्याच्या ऑलिंपिक तयारीसाठी बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह भारतात परतले. त्यांचं आणि अविनाशचं आधी एकदा बिनसलं होतं. तो त्यांच्या गटातून बाहेर पडून अमरीश कुमार यांच्याकडे परतला होता. आता पुन्हा एकत्र काम सुरू होणार, तोच ५ मार्चला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत स्नेसारेव्ह मृतावस्थेत आढळले. त्याच महिन्यात, त्याच पतियाळात, फेडरेशन चषकात अविनाश ८:२०.२० धावला. त्या वर्षी त्याला कोविडही झाला.

३० जुलै २०२१. टोकियोत प्राथमिक फेरीतल्या दुसऱ्या हीटमध्ये तो सातवा आला. वेळ ८:१८.१२, पुन्हा राष्ट्रीय विक्रम. पण अंतिम फेरी नाही. प्रत्येक हीटमधले पहिले तिघे आणि उरलेल्यांतले सर्वांत वेगवान सहा, असा नियम होता. तिसऱ्या हीटमधून जे तिघे थेट पुढे गेले, त्यांच्यापेक्षा अविनाशची वेळ चांगली होती. त्याची हीट जोरात धावली गेली, त्यांची सावकाश. आपल्या घरात असं झालं असतं तर आपण नशिबाला बोल लावून महिनाभर बसलो असतो, आणि ते माणसासारखंच झालं असतं.

त्याने पुढच्या काळात काय केलं ते वेळांमध्ये लिहिलेलं आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरहून जास्त उंचीवर, स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकाकडे तो तयारीला गेला. तिथे अडथळ्यांशिवायच्या लांब शर्यतींवर भर दिला. मे २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन हुआन कॅपिस्ट्रानोला ५००० मीटर १३:२५.६५ मध्ये धावून बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा विक्रम मोडला. जूनमध्ये रबातच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेस ८:१२.४८. म्हणजे टोकियोच्या वेळेपेक्षा साडेपाच सेकंद कमी, तेही एका वर्षाच्या आत.

आणि जुलैत युजीनच्या जागतिक स्पर्धेत अकरावा! अंतिम फेरी गाठली, पण ती शर्यत जागतिक स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत संथ ठरली. मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने ८:२५.१३ मध्ये सुवर्ण घेतलं. सगळे एकमेकांवर नजर ठेवून रेंगाळले आणि शेवटच्या फेरीत जिवाच्या आकांताने सुटले. त्या सुटण्यात अविनाश मागे राहिला, ८:३१.७५. तयारी ८:१२ची आणि शर्यत ८:२५ची. अंगात बळ होतं, पण ते खर्च करायची वेळ दुसऱ्यांनी ठरवली.

तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा होती. १९९८पासून प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. तिघे केनियन आणि बाकीचे सगळे, अशीच या शर्यतीची मांडणी असायची. ६ ऑगस्टलाही केनियाचे तिघे पुढे होते, त्यात ऑलिंपिक विजेता राहिलेला कोन्सेस्लस किप्रुतो होता. अविनाश त्यांच्या मागोमाग राहिला. या वेळी त्याने घोळक्यात बसून वाट पाहिली नाही. शर्यत वेगवान राहील आणि आपण त्या वेगाला चिकटून राहू, असं त्याचं धावणं होतं. शेवटच्या फेरीत तो दुसऱ्या जागेवर आला. शेवटचा अडथळा पार झाला, पुढे फक्त सरळ धाव उरली, आणि एब्राहम किबिवोट व त्याच्यातलं अंतर पावलापावलाने कमी होत गेलं. किबिवोट ८:११.१५. अविनाश ८:११.२०. सेकंदाचा विसावा भाग. त्या वेगात हे अंतर जेमतेम फूटभर भरतं.

१९९४नंतर केनियाबाहेरच्या धावपटूला मिळालेलं हे या शर्यतीतलं पहिलं राष्ट्रकुल पदक. मी त्या शर्यतीची चित्रफीत पुष्कळदा पाहिली आहे, आणि दर वेळी नजर शेवटच्या शंभर मीटरवर न जाता तिसऱ्या-चौथ्या फेरीवर जाते. तिथे काही घडत नाही. एक माणूस पुढच्या तिघांना सोडत नाही, एवढंच. युजीनच्या अकराव्या क्रमांकाला तीन आठवडेही झालेले नव्हते. तरी हे न सोडणं त्याला जमलं. मला त्याची सर्वांत मोठी हिंमत तिथे दिसते.

पुढेही चढण सरळ नव्हती. २०२३च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच गारद झाला. दीड महिन्याने, १ ऑक्टोबरला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुरुवातीपासून पुढे राहून शर्यत आपल्या ताब्यात घेतली. ८:१९.५० या स्पर्धा-विक्रमासह सुवर्ण, मागचा जपानी धावपटू चार सेकंदांहून मागे. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये भारताचं हे आशियाई स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण. तीन दिवसांनी ५००० मीटरमध्ये रौप्य. २०२४च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, हा त्याने दहाव्यांदा नोंदवलेला राष्ट्रीय विक्रम. पुढच्या महिन्यात त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी, आणि अकरावा क्रमांक. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष.

त्या अंतिम फेरीत जगाचा विक्रमवीर, इथिओपियाचा लामेचा गिर्मा, शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडकून डोक्यावर पडला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. ७:५२.११ धावणाऱ्या माणसालाही अडथळा सवलत देत नाही.

एक हिशोब मी मुद्दाम करून पाहिला. २०१७चा अविनाश आणि २०२४चा अविनाश एकाच शर्यतीत धावले असते, तर २०२४चा जेव्हा शेवटची रेघ ओलांडतो तेव्हा २०१७चा जवळजवळ १७० मीटर मागे असता. ऐन भरातल्या धावपटूने आपल्याच जुन्या धावेवर मिळवलेलं हे अंतर आहे. आणि ते चढत्या भाजणीने आलेलं नाही. घोटा, दोहा, प्रशिक्षकाचा मृत्यू, कोविड, टोकियो, युजीन, बुडापेस्ट हे सगळं त्याच्या मध्ये आहे. प्रत्येक वेळी त्याने काहीतरी बदललं. कधी गुरू, कधी मुक्काम, कधी शर्यत धावायची रीत. ‘पुन्हा जोमाने प्रयत्न कर’ असं आपण मुलांना सांगतो. तेच पुन्हा जोमाने केल्याने तेच पुन्हा होतं. अपयशाचं कारण शोधून तेवढीच गोष्ट दुरुस्त करायला जोमापेक्षा जास्त काही लागतं. स्वतःकडे न रागावता पाहावं लागतं.

आणि पायाखाली जमीन लागते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरची वाटचाल पाहा. तीही दुष्काळी मुलुखातली आणि तिचीही शर्यत हीच. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आल्यानंतर ती स्टीपलचेसकडे वळली. २०१४मध्ये इंचॉनला आशियाई कांस्य. २०१५मध्ये आशियाई विजेतेपद आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी. २०१६मध्ये रिओला प्राथमिक फेरीत ९:१९.७६ आणि अंतिम फेरीत दहावी. १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. अविनाशला सैन्याचा पगार होता, ललिताला रेल्वेची नोकरी होती. पुढे ती राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी झाली. मॅरेथॉन जिंकत असताना ती सोडून नव्या शर्यतीत उतरणं, हा जुगार खेळायला महिन्याच्या पहिल्या तारखेचा आधार लागतो. तो नसता तर घरच्यांनी, आणि रास्तपणे, विचारलं असतं: हे जमलं नाही तर खायचं काय?

हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटतो. आष्टीहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला गाडीच्या उजेडात पोरं दिसतात. तिघेचौघे एका ओळीत, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात नुसते मोजे, एकाच्या हातात मोबाइल. त्यावर वेळ लावलेली. पोलीस भरतीला १६०० मीटर धावायचं असतं, सैन्याला साधारण तेवढंच. त्यांची भाषा ठरलेली आहे: ग्राउंड किती निघालं, लेखीला किती पडले, मेरिट कुठे लागलं. दोन वर्षं, तीन वर्षं, वय निघून जाईपर्यंत हे चालतं. रस्त्याच्या कडेला चुन्याने मारलेली एक रेघ असते, तिथून पुढच्या दगडापर्यंत चारशे मीटर धरलेले. ते अंतर टेपने मोजलेलं नसतं, म्हणून हातात आलेली वेळही खरी नसते. ट्रक आला की खाली उतरायचं, गेला की पुन्हा डांबरावर. डांबरावर रोज धावून नडगी दुखायला लागते, आणि त्यावर उपाय म्हणून कुणीतरी बाम देतं.

या मुलांत चिकाटी कमी आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा त्या वेळी त्या रस्त्यावर यावं. त्यांच्याकडे नाही ते वेगळंच आहे. ‘तुझं पाऊल आखूड पडतंय’ असं सांगणारा माणूस नाही. दुखणं वाढण्याआधी थांबवणारा कुणी नाही. आणि भरती हुकली तर दुसरी कुठली शर्यत आपली असू शकते, हे पाहणारी नजर नाही. अविनाशला ती नजर अमरीश कुमार यांच्या रूपाने भेटली, पण त्यासाठी आधी पलटणीत जावं लागलं. भरतीच हुकली असती तर आज त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं.

२०२५च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमीला अविनाशने आशियाई अजिंक्यपद मिळवलं, ८:२०.९२. दीना राम यांच्या १९८९च्या विजयानंतर छत्तीस वर्षांनी भारताला ते मिळालं. ११ जुलैला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीला तो पडला. गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध आणि कूर्चा, दोन्हींना इजा. शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. एकतीस वर्षांच्या स्टीपलचेस धावपटूसाठी ही दुखापत हलकी नाही. ज्या पायाने तुळईवरून स्वतःला ढकलायचं किंवा ज्या पायावर पाण्यात उतरायचं, त्याच सांध्यावर सगळा भार असतो. सप्टेंबर २०२६मध्ये जपानमध्ये आयची-नागोयाला आशियाई स्पर्धा आहे. तो तिथे उभा राहील की नाही, हे आज कुणी सांगू नये. तो परत आला तरच त्याची गोष्ट पूर्ण, असंही कुणी मानू नये. त्याने केलेलं काम झालेलं आहे.

करायचं उरलंय ते आपलं. तालुक्याच्या गावी, मातीची का होईना, टेपने मोजून आखलेली चारशे मीटरची धावपट्टी असली पाहिजे. आठवड्यातून दोन दिवस तिथे येणारा, मानधन वेळेवर मिळणारा एक प्रशिक्षक असला पाहिजे. विजेत्यांच्या सत्काराच्या फलकांवर आणि मिरवणुकांवर गावोगाव जो खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात हे होण्यासारखं आहे. या दिवाळीला गावी जाल तेव्हा पहाटे रस्त्याने धावणाऱ्या मुलांशी बोला, ती किती मीटर धावतात आणि ते कुणी मोजलंय ते विचारा, आणि पुढच्या ग्रामसभेत धावपट्टीच्या जागेचा विषय लेखी द्या.